बिनकामाची एक वस्तू

१२ एप्रिल

प्रिय ताई,

वनखात्याची परवानगी आली. आज दुपारी तिथल्या साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं. कागद सोमवारी शाळेत पोचेल. बातमी आधी आणि ती कोणी दिली ते लगेच, ही माझी वर्तमानपत्राच्या टेबलावरची खोड. तू चिडायचीस त्यावर. "आधी माणसाला कशी आहेस विचारावं, मग बातम्या द्याव्यात," म्हणायचीस.

कशी आहेस?

तुझ्या नणंदेला मी दर आठवड्याला फोन करतो. पत्रं पोचतात, एवढं ती सांगते. तू ती उघडतेस का असं विचारलं, की तिचं नेमकं दूध उतू जातं. माझ्या फोनपायी त्या घरात बरंच दूध वाया गेलं असणार.

आता मुद्द्याचं. मुख्याध्यापिकांनी मला शाळेत बोलावलं होतं. मुलांची रानातली पायी सहल यंदा न्यायची का, असं त्यांनी तुला कळवलं होतं. तुझं उत्तर त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. एकच ओळ. "त्या वाटेनं मुलं नेऊ नयेत." खाली सही.

"वनखात्यानं हो म्हटलं, पालकांनी हो म्हटलं," त्या म्हणाल्या. "पण कप्तानांच्या घरचं माणूस नको म्हणत असेल, तर मी मुलांना फाटकाबाहेर पाऊल टाकू देणार नाही. तीन मेपर्यंत वाट बघते."

मी वाद घातला नाही. कुठल्या तोंडानं घालणार? ही सहल तुम्ही दोघांनी सुरू केलीत. पहिली कितीतरी वर्षं तूच पुढं चालायचीस आणि भावोजी मागून शेपूट सांभाळायचे. तुझ्या गुडघ्यानं दगा दिला म्हणून तुझ्या जागी मी आलो. मुलं त्यांना कप्तान म्हणायची आणि कप्तानांचा मेहुणा म्हणून मी सगळ्यांचा मामा झालो.

यंदाची बारा मुलं मागच्या वर्षीचीच आहेत. एका वर्षानं उंच झालेली. त्यांनीच मुख्याध्यापिकांकडे जाऊन सांगितलं, की अर्धी राहिलेली वाट पुरी करायची आहे. मी सुचवलं नव्हतं. हे तुला खरं वाटणार नाही, पण मुख्याध्यापिकांना विचार.

मला का जायचंय, ते मला अजून नीट मांडता येत नाही. येईल तेव्हा लिहीन.

तुझा,
धाकटा


१९ एप्रिल

प्रिय ताई,

शाळेच्या सभागृहात काल पालकांची बैठक झाली. सगळे आले होते. दुसरी मोठी व्यक्ती म्हणून यंदा चित्रकलेच्या बाई बरोबर येणार आहेत. आम्ही दोघं रोज सकाळी पाण्याच्या बाटल्या भरलेल्या सॅक पाठीला लावून टाकीच्या टेकडीवर चढतो. पहिल्या दिवशी बाई अर्ध्या वाटेत दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, मी डोंगर काढते, चढत नाही." आता मात्र माझ्या पुढं असतात. दोर बांधायला मी शिकवलं, पण त्यांच्या गाठी माझ्यापेक्षा देखण्या दिसतात. सुटतही नाहीत, हे जास्त महत्त्वाचं.

बैठकीत एका मुलाचे वडील उठले. शांतपणे बोलले, म्हणून जास्त लागलं. "या वेळी कोणी पडलं, तर त्यालाही सोडून खाली याल का?"

मी म्हणालो, "मोठं माणूस पडलं तर हो. मूल पडलं तर नाही."

मग नियम समजावून सांगितला. दोन मोठ्यांपैकी एक जायबंदी झाला, तर दुसऱ्यानं सगळ्या मुलांना एकत्र खाली न्यायचं आणि मदत वर पाठवायची. एकही मूल एकटं पाठवायचं नाही, एकही मागं ठेवायचं नाही. वर फोन लागत नाही. चौकी दिवसभराच्या वाटेवर. हा नियम भावोजींनी तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसून सांगितला होता आणि तू लिहून घेतला होतास. हे शेवटचं मी सभागृहात सांगितलं नाही. तुला सांगतोय.

ते गृहस्थ म्हणाले, "ठीक आहे. माझा मुलगा येईल. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

दवाखान्यात तूही विचारलं होतंस, "त्यांना एकटं टाकून आलास?" आणि मी म्हणालो होतो, "नियम होता." तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. मांडीचं हाड मोडलेला, आतून रक्त जात असलेला माणूस, अंगावर दोन स्लीपिंग बॅगा, उशाशी पाणी, आणि त्याचा मेहुणा मुलांना घेऊन उतरतोय. त्यावर नियम होता, हे उत्तर खरंच आहे, पण ते उत्तर म्हणायच्या लायकीचं नाही.

एक गोष्ट मी अहवालात लिहिली नाही आणि तुलाही सांगितली नाही. सांगितली असती तर ती सबब वाटली असती. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "वळून बघू नकोस. तू वळलास की मुलं वळतील, आणि मग कोणी हलणार नाही." मी सगळ्यांत पुढं होतो. मुलं एकेक करून त्यांच्याजवळून माझ्यामागं आली. मी वळलो नाही, ताई. खाली चौकी येईपर्यंत नाही.

आणि टोपी. तुझा दुसरा प्रश्न. बचाव पथकानं त्यांचा देह खाली आणला तेव्हा त्यांच्या डोक्यावर लोकरीची, लांब कानांची सशाची टोपी होती. तू म्हणालीस, "माझ्या नवऱ्याचं सोंग करून परत आणलंत." ती टोपी कुठून आली, मला खरंच माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. तू मात्र समजून चाललीस, की मी कोणालातरी पाठीशी घालतोय.

तुझा,
धाकटा


२६ एप्रिल

प्रिय ताई,

टोपी कोणाची ते कळलं. आज सकाळी, तिच्या मालकिणीकडूनच.

क्रमानं सांगतो, कारण तू सहली सोडल्यानंतर भावोजींनी एक प्रथा सुरू केली होती आणि ती तुला ठाऊक असेल की नाही, मला शंका आहे. निघायच्या आधी सॅक रिकाम्या करायच्या, हे तुमच्या वेळीही होतं. व्यायामशाळेच्या फरशीवर चादर पसरायची, सगळं सामान मांडायचं, आणि कप्तान एकेक नग उचलून विचारणार, "हे कशाला?" वजनाच्या बाबतीत माणूस कसाई होता. दात घासायच्या ब्रशाच्या दांड्या अर्ध्या कापायचे. एकदा माझ्या शर्टाची जास्तीची बटणं तोडली होती.

पण मग एका वर्षी एक मुलगी बाहुली काढून घेतली म्हणून रडली, आणि त्यांनी नियम केला. प्रत्येकानं एक वस्तू बिनकामाची आणायची. मुठीत मावेल किंवा चुरगाळता येईल अशी. ती कागदात गुंडाळून तळाशी ठेवायची. कोणी बघायचं नाही, कोणी विचारायचं नाही. "कामाच्या वस्तूंनी माणूस डोंगर चढतो," म्हणायचे, "पण रात्री अंधार पडला की काम नसलेलीच लागते."

आज मी पहिल्यांदा त्यांच्या जागी उभा होतो. बारा चादरी. बाई कात्री घेऊन शेजारी. ज्याला सगळे वकील म्हणतात, त्या मुलानं शॅम्पूच्या दोन बाटल्यांसाठी पंधरा मिनिटं बाजू मांडली.

"मामा, एक केसांसाठी, एक राखीव."

"तुझ्या केसांना राखीव दल कशाला? आहेत किती?"

तो हरला. दुर्बीण, म्हणजे जाड चष्म्याचा, त्याच्याकडे तीन चष्मे निघाले, तिन्ही ठेवले. सगळ्यांत बुटकी मुंगी, तिची सॅक सर्वांत हलकी. मग मी म्हणालो, "आता तुमची ती एक वस्तू घाला तळाशी. मी पाठ करतो."

पाठ केली. मागं काहीच आवाज नाही. कागदाची चुरचूर नाही. वळलो तर सगळी तशीच उभी.

"काय रे? विसरलात?"

"आणली नाही," दुर्बीण म्हणाला.

"एकानंही?"

वकील बोलला. "मामा, ती दिली ना मागच्या वर्षी. एकदाच असते ती."

"कोणाला दिली?"

"कप्तानांना."

बाईंनी कात्री खाली ठेवली. मला बसावंसं वाटलं, पण बसलो तर मुलं घाबरतील म्हणून उभा राहिलो. मग त्यांच्यातल्या त्यांच्यात, एकानं सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं पुरी करायची, असं करत त्यांनी सांगितलं. मी पुढं निघाल्यावर रांगेतली पहिली मुंगी होती. तिला कप्तानांचे कान थंडीनं लाल झालेले दिसले. तिनं तळातून टोपी काढली आणि त्यांच्या डोक्यात घातली. ते म्हणाले, "कसा दिसतो?" ती म्हणाली, "सशासारखे." ते हसले. हसताना दुखलं, तरी हसले. तिच्या मागच्या मुलानं ते पाहिलं आणि त्यानं त्याचं काढलं. पत्त्यांचा जोड. पुढच्यानं बुद्धिबळातला घोडा. दुर्बिणीनं माउथ ऑर्गन. कोणी आईचा रुमाल, कोणी शिंपला, कोणी फुटका भोवरा. कोणी कोणाला सांगितलं नाही. रांग न मोडता, एकेक करून.

"तुम्ही सांगितलं का नाहीत मला?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," मुंगी म्हणाली. मग, "टोपीचं त्यांच्या घरी आवडलं नाही का?"

मी म्हणालो, "घरी कळलं नव्हतं कोणाची ते. मी कळवतो."

म्हणून हे पत्र. सोंग नव्हतं, ताई.

तुझा,
धाकटा


२९ एप्रिल

प्रिय ताई,

बचाव पथकाच्या प्रमुखांना आज कार्यालयातून फोन लावला. त्यांनी दुजोरा दिला. नुसत्या ऐकीव गोष्टीवर मी तुला पुन्हा लिहिलं नसतं.

ते म्हणाले, "हो, सामान होतं बरंच. त्यांच्याजवळच्या सपाट दगडावर पत्ते मांडलेले होते. एकट्यानं खेळतात तो डाव. अर्धा लागला होता. बाकी वस्तू ओळीत लावल्या होत्या, दुकानात मांडतात तशा. आम्हाला वाटलं त्यांच्याच. गोळा करून पिशवीत घातल्या आणि दवाखान्यात दिल्या."

ती पिशवी तुझ्याकडे आहे. आठवतं? दवाखान्यातल्या कारकुनानं त्यांच्या कपड्यांबरोबर दिली होती. तू आत डोकावलीस आणि म्हणालीस, "यात भलत्याच कोणाचं सामान आलंय." त्यानं परत घ्यायला नकार दिला, तेव्हा तू गाठ मारून काखेत धरलीस. तुझी नणंद सांगते, ती माळ्यावर आहे, गाठीसकट. दूध उतू जायच्या आत मी एवढं तरी काढून घेतलं.

आता जे कोणीच विचारलं नाही, ते.

मुलांना घेऊन उतरत होतो. दोन वळणं खाली आलो असू. मागून माउथ ऑर्गनचा आवाज यायला लागला. सूर सापडत नव्हता, तरी कोणी जिवाच्या आकांतानं वाजवत होतं. मला वाटलं, रांगेतलं एखादं पोर वाजवतंय. वाट निसरडी, उजेड चाललेला, आणि यांना वाजवायचं सुचतंय. मी मान न वळवता ओरडलो, "बाजा बंद! श्वास जपा!" एवढ्यानं ओरडलो, की त्या दरीत ते पुन्हा मला ऐकू आलं. थोड्या वेळानं बाजा थांबला.

त्या दिवशी व्यायामशाळेत दुर्बिणीनं माउथ ऑर्गन दिला म्हणून सांगितलं, तेव्हा मला ते आठवलं. मी विचारलं, "मग उतरताना वाजवत कोण होतं?"

"आमच्यातलं कोणी नव्हतं, मामा."

"मी ओरडलो तेव्हा का नाही बोललात?"

उत्तर मुंगीनं दिलं. "आम्हाला वाटलं, तुम्हाला ते ऐकवत नाहीये."

भावोजी माझ्या ओरडण्यानं थांबले, की मधे कडा आल्यामुळं आम्हाला ऐकू येईनासं झालं? हे सांगायला कोणी नाही. मी त्या वळणावर मनानं रोज जातोय. कधी वाटतं कडा होता. कधी वाटतं, नाही, अजून उघडी वाट होती. तिथं उभं राहून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि उभं राहूनही कळेलच असं नाही. मला का जायचंय म्हणून पहिल्या पत्रात लिहायचं राहिलं होतं, ते हे. मुलांना वाट पुरी करायची आहे. मला ते वळण बघायचं आहे.

तुझी हरकत असेल तर मी एकटा जाईन, मुलांना नेणार नाही. तीन तारखेला मुख्याध्यापिका ठरवतील. पण त्याआधी ती गाठ सोड, ताई. सहलीसाठी नाही म्हणत. तू इतके दिवस समजतेस की ते एकटे आणि रिकामे पडून होते. तसे नव्हते. त्यांच्याजवळ बारा पोरांचं जे काही लाडकं होतं, ते सगळं होतं. आणि ते डाव मांडून बसले होते.

तुझा,
धाकटा


९ मे

प्रिय ताई,

तू तीन तारखेला दुपारी मुख्याध्यापिकांना फोन केलास. त्यांनीच मला सांगितलं. शब्दही जसेच्या तसे सांगितले: "जाऊ दे त्यांना. मुंगी कोण, तिला माझा नमस्कार सांगा." मुख्याध्यापिका पेचात पडल्या होत्या. हजेरीत मुंगी नावाची कोणी नाही.

म्हणजे पत्रं उघडतेस.

तुझं पार्सल काल पोचलं. बाई आणि मी कर्मचाऱ्यांच्या खोलीत बसून उघडलं. प्रत्येक वस्तू तू वेगळ्या कागदात गुंडाळलीस, रुमाल इस्त्री करून, भोवऱ्याची फूट डिंकानं सांधून. पत्ते सुटे न ठेवता दोऱ्यानं बांधलेले. कारकुनानं घाईत उलटसुलट कोंबले असतील, तरी तू ते लावून पाठवलेस, एक्का ते राजा. टोपी तेवढी नव्हती. आणि एक नग जास्त होता, काचेचं जाडजूड बूच. त्याला चिठ्ठी गुंडाळलेली. तू मला वर्षानं लिहिलंस.

"बूच मुलांचं नाही. त्यांचं आहे. लग्नाआधी माझ्या प्रयोगशाळेतून पळवलं होतं. मला वाटायचं कधीच हरवलं. तुझ्या सॅकमध्ये ठेव. टोपी मी ठेवून घेतली आहे. त्या मुलीला विचार, चालेल का."

पाव किलो तरी असेल, ताई. ब्रशाच्या दांड्या कापणारा माणूस. इतकी वर्षं सगळ्यांच्या सॅक रिकाम्या करत होते, आणि त्यांची सॅक उघडून बघायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही.

मुंगीला विचारलं. म्हणाली, "चालेल. पण डावा कान सैल आहे, धुताना सांभाळा म्हणावं." तू आधीच धुतली असशील, तर कान जागेवर आहे का ते कळव. नको कळवूस, तरी चालेल.

वस्तू मुलांना दिल्या. कोणी हसलं नाही, कोणी रडलं नाही. प्रत्येकानं आपापली न बघता तळाशी घातली. मुंगीला काही उरलं नाही म्हणून बाईंनी त्यांची रंग लागलेलं जुनं खोडरबर तिला दिलं.

उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून बस निघेल. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या सपाट दगडापाशी पोचू. पुढं बाई असतील. मी या वेळी सगळ्यांत शेवटी चालणार आहे. मुलं एकेक करून दगडाजवळून पुढं जातील. कोणाला थांबायचं असेल तो थांबेल. मग मी थांबेन. दोन वळणं खाली, तो कडा कुठं येतो तेही बघेन. दुर्बीण म्हणाला, तिथून उतरताना तो वाजवणार आहे. वर्षभर माउथ ऑर्गनच नव्हता, सराव शून्य, सूर लागायचे नाहीत. मी म्हटलं, वाजव. चौकी येईपर्यंत वाजव.

चौकीवर फोन लागतो. चौथ्या दिवशी अंधार पडायच्या आत बाराही मुलं तिथं खाली आली, की मोजून पहिला फोन मी तुला करीन. उचलायचा नसेल तर उचलू नकोस. फक्त बंद करू नकोस. वाजू दे.

तुझा,
धाकटा